शोकेसमधलं जहाज

माझं अक्षर वाईट आहे आणि शुद्धलेखन त्याहून वाईट, त्याबद्दल आधीच माफ करावं. चौथी पास झाले आणि मला घरी बसवलं, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाचं जे काही पाचवीत शिकवत असतील ते माझ्यापर्यंत आलंच नाही. हात सुईला बसलेला आहे, पेनाला नाही. ओळ सरळ धरायला गेले की अक्षर वाकडं होतं आणि अक्षर धरलं की ओळ सुटते. ही वही मी कपाटात साड्यांच्या खाली ठेवते. कोणाच्या हाती लागलीच तर चुका मनातल्या मनात दुरुस्त करून घ्याव्यात, मला येऊन सांगू नये.

आज लिहायला बसले त्याला कारण माझी नात. आम्ही जळगावला मुलाकडे असतो. नात कॉलेजात जाते, आणि आता तिला छंद लागायचा आहे. लागलेला नाही, लागायचा आहे. त्याची तयारी चालू आहे. खोक्यात प्लॅस्टिकचे तुकडे येतात, ते जोडून विमान, मोटार, जहाज असं खऱ्यासारखं पण छोटं करायचं. कोणतं खोकं घ्यावं म्हणून ती तीन दिवसांपासून मोबाईलवर एका माणसाचे व्हिडिओ बघते आहे. तो माणूस समजावून सांगतो की नव्या माणसाने पहिल्यांदा लहान घ्यावं, कमी तुकड्यांचं घ्यावं, खोक्यावरच्या चित्राला भुलू नये. लाखो लोक त्याचं ऐकतात म्हणे. नातीने मला विचारलं, आजी, तू काय म्हणतेस. मी म्हणाले, लहान घे. ती हसली आणि म्हणाली, तुला काय कळतं गं त्यातलं. मीही हसले आणि कणीक मळायला आत गेले. त्यातलं मला जे कळतं ते आता इथे लिहिते.

आमचं घर अमळनेरला, तेलाच्या मिलच्या मागच्या अंगाला. मिलचा भोंगा हेच आमचं घड्याळ. भोंगा झाला की आबा, म्हणजे माझे वडील, उठायचे. भोंगा झाला की माय तवा चढवायची. एकदा भोंगा बिघडला तर त्या दिवशी घरात कोणाला वेळेवर भूकच लागली नाही. पेंडीचा वास कपड्यांना, उश्यांना, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीलासुद्धा. पाहुणा आला की नाक आक्रसायचा, आणि आम्ही पाहुण्याच्या गावी गेलो की आम्हाला तिथली हवा अळणी लागायची. आबा मिलमध्ये काट्यावर होते. दिवसभर दुसऱ्यांची पोती तोलून ते घरी यायचे, ओट्यावर टोपी काढून बसायचे आणि काही बोलायचे नाहीत. बोलायचं काम अक्काकडे होतं. अक्का म्हणजे आबांची मोठी बहीण, माझी आत्या. विधवा झाल्यावर आमच्याकडे राहायला आली ती घर हातात घेऊनच. घर आबांच्या पगारावर जगायचं आणि अक्काच्या मतावर चालायचं. माय या दोघांच्या मध्ये चुलीपाशी असायची. तिचं मत होतं की नाही हे मला तेव्हा कळलं नाही. पुढे मला स्वतःचं घर झालं तेव्हा कळलं की होतं.

मी लाजाळू होते. आता म्हातारपणी लोक याला स्वभाव म्हणतात, तेव्हा गुण म्हणायचे, म्हणजे त्यावर कोणी औषध शोधत नसे. गल्लीच्या तोंडाशी एका शिंपी मास्तरांचं दुकान होतं, तिथे मी काज-बटणाला आणि पिको-तुरपाईला जायची. गिऱ्हाईक आलं की मी पडद्यामागे. मास्तर म्हणायचे, माझ्या दुकानात एक हात कामाला आहे, बाकीची मुलगी मी अजून पाहिली नाही. त्या मास्तरांचं एक जुनं पायमशीन होतं. ते मला पाचशेत देतो म्हणाले होते, दिवाळीपर्यंत थांबतो म्हणाले होते. मी पैसे जमवत होते. उन्हाळ्यात पापड लाटले, ज्वारीच्या बिबड्या थापल्या, बाकी वर्षभर काजं केली. पैसे बिबड्यांच्या डब्यात तळाशी, साडेचारशे झाले होते. घरात सगळ्यांना माहीत होतं, पण सगळ्यांना माहीत असलेली गोष्टही तेव्हा सुरक्षित असते असं मला वाटायचं. ते मशीन आलं असतं तर मी घरात बसून शिवलं असतं, कोणाच्या समोर यावं लागलं नसतं. दुसरं काही मागितलं नव्हतं मी देवाजवळ.

आता शोकेसचं सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. त्या वेळी आमच्याकडे पुढच्या खोलीत, भिंतीत, काचेची दारं लावलेलं एक कपाट असायचं. घरात मुलगी वयात आली की त्यात तिच्या हातच्या वस्तू मांडायच्या. मण्यांचा पोपट, लोकरीचा कुत्रा, थर्माकोलचा ताजमहाल, काचेच्या बाटलीत शिरलेली कापसाची बाहुली. मुलगी पाहायला येणारे आधी शोकेस पाहायचे, मग मुलगी. मुलगी खाली मान घालून बसलेली, तिच्यात बघण्यासारखं काय असणार. पण शोकेसपाशी उभं राहून माणसं चांगली पाच-दहा मिनिटं मान डोलवायची आणि विचारायची, हे सगळं हिनेच केलं का. माय म्हणायची, हो. सगळ्या माया हो म्हणायच्या. आमच्या गल्लीत चांगला असा मण्यांचा पोपट एकच होता, आणि तो चार घरी फिरून चार मुलींच्या लग्नाला उपयोगी पडला. ज्या मुलीने तो खरा केला होता तिचं लग्न सगळ्यात शेवटी जमलं, कारण तिच्या वेळी पोपट दुसरीकडे होता.

पाचव्या वेळी तो आमच्याकडे येणार होता, पण अडचण झाली. मला पाहायला येणारी मंडळी जळगावची. मुलगा सरकारी गोदामात होता, हे घरात इतक्या वेळा म्हटलं गेलं की मला त्याचं नाव आठवत नाही, गोदाम आठवतं. हीच मंडळी आदल्या वर्षी आमच्याच गल्लीत दुसरी मुलगी पाहून गेली होती, आणि तेव्हा त्या पोपटाचं त्यांनी कौतुकही केलं होतं. तोच पोपट पुन्हा दिसला तर काय सांगणार. बरं, मुलगी चौथी पास. शोकेस रिकामी ठेवून चालणार नव्हतं. पोपट मी दोन दिवसांत केला असता, कोणी विचारलं असतं तर. पण अक्काला पोपटाचाच आता विटाळ झाला होता. तिला काहीतरी असं हवं होतं जे अमळनेरमध्ये कोणाकडे नाही.

असं काहीतरी माझ्या मामांकडे होतं, आणि ते त्यांच्याकडून जात नव्हतं. नानामामा धुळ्याचे, मायचे थोरले भाऊ. त्यांचं वह्या-पुस्तकांचं आणि खेळण्यांचं दुकान होतं. मामा घरातही गिऱ्हाइकाशी बोलावं तसं पुस्तकी बोलायचे. बहिणीलाही ते ‘या, बसा, काय सेवा’ म्हणायचे आणि मग बहीण आहे हे लक्षात येऊन सेवा मागे घ्यायचे. त्यांना मुंबईच्या एका व्यापाऱ्याने परदेशी किटची, म्हणजे अशा जोडायच्या तुकड्यांची, काही खोकी गळ्यात मारली होती. धुळ्यात ती कोण घेणार. दोन वर्षं ती माळ्यावर होती. आमची अडचण कानावर गेल्याबरोबर त्यांनी निरोप पाठवला की मुलीला घेऊन या, दुसऱ्या कोणाकडे जाऊ नका. एवढं प्रेम मामांनी आधी कधी दाखवलं नव्हतं, त्यामुळे मायचे डोळे भरून आले.

अक्का, माय आणि मी एसटीने धुळ्याला गेलो. मामांनी माळ्यावरून चार खोकी उतरवली, फडक्याने पुसली आणि गादीवर एकेक मांडली. एक लढाऊ विमान, एक रणगाडा, एक छोटी मोटार आणि एक तीन डोलकाठ्यांचं शिडाचं जहाज. मी पहिल्यांदाच असं काही बघत होते. मोटारीचं खोकं साबणाच्या वडीएवढं. त्यावर बाजूला सगळे तुकडे छापले होते, ते मी बोटाने न लावता डोळ्यांनी मोजले, वीस-पंचवीस होते. हे मला जमेल असं मला वाटलं. वाटलंच नाही, मी म्हणाले. ‘हाई न्हानी मोटार चालयी’, असं मी म्हणाले, ही छोटी मोटार चालेल म्हणून. मला नक्की आठवतं, कारण मामांच्या दुकानात तोंडातून निघालेला तो माझा पहिला शब्द. अक्काने माझ्याकडे पाहिलं आणि मला कोपऱ्यातल्या माठातलं पाणी आणायला पाठवलं. आता तो मोबाईलवरचा माणूस तेच सांगतो आणि त्याचे पैसे मिळवतो.

पाणी घेऊन आले तेव्हा निवड जोरात चालली होती. रणगाडा अक्काने आधीच बाद केला होता, शुभकार्याच्या घरात तोफ नको. विमानाचं चित्र सगळ्यांना आवडलं, पण विमान ठेवलं तर पाहुणे म्हणतील मुलीला उडायची हौस आहे. मोटारीकडे कोणी बघेना. मामा म्हणाले, ती लहान मुलांची. त्यांना ती विकायचीच नव्हती, स्वस्तातली म्हणून ती धुळ्यातही कधी ना कधी खपली असती. राहिलं जहाज. मामांनी त्याची बाजू मांडली. कापडाची शिडं आहेत, मुलीला शिवण येतं, ते आपोआप दिसेल. अडीचशे तुकडे आहेत, म्हणजे चिकाटी दिसेल. परदेशी आहे, म्हणजे घराणं दिसेल. समुद्र आमच्यापैकी कोणीच पाहिला नव्हता, मामांनीही नाही, पण त्याने काही अडत नव्हतं. अक्का भांडी घेते तशी खोकी हातात तोलून बघत होती. मग तिने जहाजाचं खोकं कानाशी नेऊन नारळासारखं हलवलं. आत खळखळ झाली. तिचं समाधान झालं.

‘हाई भरेल शे’, ती म्हणाली. हे भरलेलं आहे. मोटारीचं खोकं तिने हलवलं तर त्यात नुसतं टकटक झालं, म्हणजे ते पोकळ. पैसे द्यायचे तर भरलेल्याचे द्यावेत, असा तिचा न्याय. मायने पदराच्या गाठीने शोकेसचं माप आणलं होतं. जहाज त्यात बसत होतं. एवढ्या विचाराने तर मला नवरासुद्धा कोणी बघत नव्हतं.

मग किमतीचं निघालं. घरचा भाव साडेचारशे. मायचा चेहरा पडला. मामा लगेच म्हणाले की मुंबईच्या व्यापाऱ्याला रोख द्यावे लागतात, नाहीतर बहिणीकडून पैसे घेणारा मी कोण. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. डब्यातल्या पैशांचं त्यांना कोणी सांगितलं ते मी विचारलं नाही, अक्का छताकडे बघत होती. मामा म्हणाले, तुझे आत्ता दे, लग्न ठरलं की मी ते परत करीन, माझ्याकडून आहेर समज. मी म्हणायला हवं होतं की दिवाळीला मशीन घ्यायचं आहे. पण माझा त्या दिवसाचा बोलायचा वाटा मोटारीवर खर्च झाला होता. मान हलली. कोणत्या बाजूला हलली ते मलाच कळलं नाही, त्यांनी सोयीची बाजू धरली. दुसऱ्या रविवारी मामा स्वतः अमळनेरला खोकं घेऊन आले आणि डबा उघडून पैसे घेऊन गेले. जाताना डब्यातल्या चार बिबड्याही तळून खाल्ल्या.

खोकं देवासमोर ठेवून त्याला हळद-कुंकू लावलं. दुसऱ्या दिवशी मास्तरांकडे लग्नाचे कपडे आले होते म्हणून मी सकाळीच गेले, परत आले ती दुपार टळल्यावर. घरात जळकट, काळा वास. ओसरीवर अक्का, माय आणि शेजारच्या दोघी सूप-परात घेऊन बसलेल्या, जशा डाळ आल्यावर बसतात. त्यांनी किट साफ केलं होतं.

कोणाला माहीत नसेल तर सांगते. या खोक्यात तुकडे सुटे नसतात. प्लॅस्टिकच्या बारीक दांड्यांच्या चौकटी असतात, त्यांना तुकडे फळांसारखे लागलेले असतात, आणि कोणता तुकडा कितवा तो आकडा त्या दांडीवर असतो, तुकड्यावर नसतो. कागदावर फक्त आकडे. हा आकडा त्या आकड्याला जोड. आमच्या बायकांनी काय बघितलं, तर दाणे आणि काड्या. चौघींनी मिळून सगळे तुकडे खुडले, मोठे परातीत, मधले ताटात, बारीक वाटीत. कुठे काही राहू नये म्हणून शेवटी सुपात घेऊन पाखडलेसुद्धा. नांगर, शिड्या, तोफांची चाकं असलं हलकं हलकं जे होतं ते अंगणात उडालं आणि कोंबड्यांनी टिपून पाहिलं. काड्या चुलीत गेल्या. त्या दांड्यांवर माझे पैसे छापले होते असं म्हणायला हरकत नाही.

अक्का माझी वाटच बघत होती. परात पुढे सरकवून म्हणाली, ‘देख, बठ्ठं निसी ठेवं. आते तुले नुसतं चिकटाडनं शे.’ सगळं साफ करून ठेवलं, आता तुला फक्त चिकटवायचं आहे. चौघींच्या तोंडावर असा आनंद होता की मी काही बोलूच शकले नाही. खरं तर एरवीही बोलले नसते. शेजारणीने तर विचारलं, इतकं कचऱ्याचं निघालं, मुंबईवाला तोलून फसवतो की काय.

पुढचे पंधरा दिवस मी जहाज केलं. करायचं म्हणजे खोक्यावरचं चित्र समोर ठेवायचं आणि हातात येईल तो तुकडा कुठे शोभेल ते बघायचं. आकडे मला वाचता येत होते, पण आता ते आकडे कोणाचेच नव्हते. ट्यूबमधला गोंद दोन वर्षं माळ्यावर बसून दगड झाला होता, म्हणून सायकलवाल्याकडून पंक्चरचं सोल्युशन आणलं. घरात आता पेंडीच्या वासावर त्याचा वास चढला, आबा ओट्यावरून उठून झाडाखाली बसू लागले. जहाजाची दोन अंगं एकमेकांना मिळाली, ती कपड्याच्या पुढच्या-मागच्या भागांसारखी होती, तेवढं मला समजलं. डोलकाठ्या तीन मिळाल्या, भोकं दोनच दिसली, तिसरी मी शेपटीला लावली. तुकडे उरायला लागले. अक्काला उरलेलं काही खपत नसे. पैसे दिलेत, सगळं लागलं पाहिजे, म्हणायची. म्हणून उरलेले कठडे, खिडक्या, फळ्या, जिथे जागा दिसली तिथे लावल्या. शिडाला मिळालेलं कापड तिने शेवया गाळायला नेलं होतं, म्हणून आबांच्या जुन्या धोतराची शिडं शिवली. ती मात्र चांगली झाली. दुहेरी शिवण, कोपरे पक्के. त्या जहाजात तेवढंच काय ते जहाजासारखं होतं. ते एका बाजूला कलायचं, म्हणून शेजारून आणलेला लोकरीचा कुत्रा त्याला टेकवून ठेवला. काचेआड असं दिसायचं की कुत्र्यानेच जहाज ओढून आणलंय.

पाहुणे आले. मुलगा, त्याची आई आणि त्याचे एक काका. आमच्याकडून आबा, अक्का, माय, आणि मध्यस्थ म्हणून नानामामा. ते धुळ्याहून कडक इस्त्री करून आले होते आणि शोकेसच्या शेजारची खुर्ची त्यांनी कोणाला दिली नाही. पोह्यांवर शेव घातली, चहा आला, मी पाटावर. मुलाचे काका उठून शोकेसपाशी गेले. ते मुंबईला जाऊन आलेले होते. त्यांनी जहाजाकडे डावीकडून पाहिलं, मग उजवीकडून पाहिलं आणि विचारलं, याचं पुढचं टोक कोणतं. मामा म्हणाले, परदेशी जहाज आहे, त्याला दोन्ही टोकं पुढचीच. काकांनी मान डोलावली. शिकलेल्या माणसाला तेवढं पटावं लागतं.

मुलाची आई मात्र बसल्या जागेवरून माझ्याकडेच बघत होती. ठसठशीत बाई, हातात कापसाच्या कामाची खरखर. तिने मला थेट विचारलं, ते जहाज तूच केलं का. मी मान हलवली. मग तिने ते विचारलं, जे आमच्याकडे कोणतीही वस्तू पाहिली की विचारतातच आणि त्यात काही वाईट मानत नाहीत. ‘कितलाले पडनं?’

केवढ्याला पडलं. इतकंच. या प्रश्नाचं उत्तर मला कोणी शिकवून ठेवलं नव्हतं. किती शिकलीस, स्वयंपाक येतो का, याची उत्तरं पाठ होती. मामा हसून म्हणाले, ताई, कलेची किंमत कशी करणार. तेव्हा मला काय झालं ते मी आजही नीट सांगू शकत नाही. आकडा माझ्या तोंडात वर्षभर होता, एक एक काज करून जमलेला, तो आपसूक बाहेर आला, आणि त्याच्या मागून बाकीचंही आलं.

‘साडेचारशे’, मी म्हणाले. ‘पैसा मन्हा व्हतात, मशीन लेवाना. मामानी लिन्हात. आजून दिन्हा नहीत.’

पैसे माझे होते, मशीन घ्यायचे. मामांनी घेतले. अजून दिले नाहीत. मामा म्हणाले, थट्टा करते, फार थट्टेखोर आहे. पण मी अशी बसले होते की माझ्याकडे बघून थट्टा हा शब्द कोणाला सुचला नसता. मुलाच्या आईने मामांकडे तोंड वळवलं. रागाने नाही, भाजीवाल्याला सांगावं तसं म्हणाली, ‘मंग दी टाका ना भाऊ. पोरना पैसा कसाले ठेवतस?’ देऊन टाका, मुलीचे पैसे कशाला ठेवता. मामा म्हणाले, हो तर, देणारच, आजच. आजच हा शब्द त्यांनी इतक्या जणांसमोर उच्चारला आणि चहा न संपवता साडेपाचच्या बसने धुळ्याला गेले.

आठ दिवसांनी जळगावहून निरोप आला की पत्रिका जुळत नाही. पत्रिका आम्ही दिलीच नव्हती. खरं कारण मागून कळलं. मुलाच्या काकांचं म्हणणं पडलं की मुलगी तोंडाळ आहे. मी. जिला शिंपी मास्तरांनी वर्षभरात पूर्ण पाहिली नव्हती ती. मुलाच्या आईला मी आवडले होते म्हणे, पण त्यांच्याकडेही निर्णय काकांचा. आमच्या घरी अक्का माझ्याशी महिनाभर बोलली नाही, आणि मला सांगायला लाज वाटत नाही, तो महिना मला बरा गेला. ती सगळ्यांना सांगायची की पोरीने सोन्यासारखं स्थळ घालवलं साडेचारशे रुपयांसाठी. साडेचारशे गेले त्याबद्दल कोणाचंच काही म्हणणं नव्हतं. दिवाळी जवळ आली. मास्तरांनी विचारलं, मशीनचं काय. मी पडद्यामागून म्हणाले, थोडं थांबा.

आबा तोपर्यंत एक अक्षर बोलले नव्हते. त्यांच्यासमोर डबा उघडला तेव्हाही नाही, आणि त्याचा राग मी मनात धरून होते, अजूनही थोडा आहे. पण पुढच्या सुट्टीच्या दिवशी त्यांनी टोपी घातली, चपला घातल्या आणि मला म्हणाले, ‘चाल.’ धुळ्याच्या बसमध्ये बसल्यावर मला कळलं कुठे ते. मामांनी दुकानात आम्हाला बघून या, बसा, काय सेवा म्हटलं, आणि या वेळी सेवा मागे घ्यायची सोय राहिली नाही. पैसे नाहीत म्हणाले. मंदी आहे म्हणाले. आबा दुकानाच्या पायरीवर बसले आणि मलाही बसायला सांगितलं. ‘आठेच बसतस आम्ही’, इथेच बसतो, एवढं बोलले. भांडण नाही, मागणं नाही. येणारं प्रत्येक गिऱ्हाईक विचारायचं, पाहुणे का. मामा म्हणायचे, हो, मेहुणे आहेत. मग आत का घेत नाही, असं गिऱ्हाईक विचारायचं. संध्याकाळपर्यंत मामांनी शंभर काढले.

काट्यावरच्या माणसाला बसायची सवय असते. पोतं काट्यावर स्थिर होईपर्यंत तो काही म्हणत नाही. आम्ही दर सुट्टीला गेलो. माय आम्हाला भाकरी आणि ठेचा बांधून द्यायची, तिच्या सख्ख्या भावाच्या पायरीवर बसून खायला; तेवढं तिचं मत तिने दिलं. एकदा मामांनी पैशांऐवजी विमानाचं खोकं पुढे केलं, म्हणाले, यावेळी घरचाच भाव लावतो. मी नको म्हणाले. एकदा कंपासपेट्या काढल्या, एकदा वह्यांचा गठ्ठा. चौथी पास मुलगी वह्यांचं काय करणार, असं मी म्हणाले, आणि हे मी म्हणाले, आबा नाही. पायरीवर बसून बसून माझं गिऱ्हाइकांपासून लपणं कमी झालं होतं. येणाऱ्या-जाणाऱ्याच्या तोंडाकडे मी बघू लागले होते. मामांना मात्र मी त्या सगळ्या दिवसांत हाक मारली नव्हती. काय सांगायचं ते मी हाक न मारता सांगायची.

शेवटच्या खेपेला थंडी पडली होती. मामांनी गल्ल्यातून नोटा काढल्या, अंगठा ओला करून स्वतः दोनदा मोजल्या आणि माझ्यासमोर गादीवर ठेवल्या, आबांसमोर नाही. म्हणाले, घे बाई, झाले पूर्ण, आता तरी मामा म्हणशील का. मी नोटा उचलून मोजल्या. एक जुनी फाटकी होती, ती बदलून मागितली. त्यांनी बदलून दिली. मग पुन्हा पहिल्यापासून मोजल्या. पूर्ण होते. मग मी म्हणाले, ‘येतस आम्ही, मामा.’